हिशेब आधी, आवाहन नंतर : स्वयंसेवी संस्था आणि न भेटलेला देणगीदार

गणेशोत्सवाची वर्गणी मागायला येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात पावतीपुस्तक असते. पावतीवर मंडळाचे नाव, अनुक्रमांक आणि खजिनदाराची सही असते. उत्सव संपला की अनेक जुनी मंडळे छापील अहवाल काढतात. त्यात वर्गणीदारांची नावे, रकमा आणि जमाखर्च असतो. अहवाल हातात पडला की लोक आधी आपले नाव शोधतात आणि मग शिल्लक किती ते पाहतात. देणारा आणि घेणारा एकाच आळीत राहतात. आकडा चुकला तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

इंटरनेटवरच्या देणगीत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे पाठवणे काही सेकंदांचे काम झाले. मेळघाटातल्या एखाद्या शाळेचे आवाहन ठाण्यातल्या माणसाच्या फोनवर पोहोचते आणि लोकलमध्ये उभ्या उभ्या तो ठरवतो, द्यायचे की नाही. ती शाळा त्याने पाहिलेली नसते, तिथले कुणी ओळखीचेही नसते. देणे सोपे झाले, खात्री करून घेणे मात्र तितके सोपे झालेले नाही. या दोहोंमधले अंतर संस्थेने कसे भरून काढायचे, हा आजच्या सामाजिक कामापुढचा कळीचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : विश्वास मागून मिळत नाही. देणाऱ्याला कुणाला न विचारता सगळे तपासून पाहता येईल अशी सोय आधीच करून ठेवायची आणि पैसे आल्यावर त्यांचे काय झाले ते न चुकता कळवायचे. हे दोन्ही ज्या संस्था करतात त्यांच्याकडे माणसे टिकतात.

जुनी पुंजी

अनोळखी माणसांकडून छोट्या रकमा गोळा करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी गावोगाव हिंडून निधी जमवला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पनाच अशी होती की प्रत्येकाने अगदी थोडे द्यावे आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. त्यातूनच १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मुष्टिफंडातून घराघरातले मूठभर धान्य वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाऊ लागले. या सगळ्यांत मागणारा माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि दिलेल्या मदतीचे काय झाले तेही दिसत होते.

अलीकडचे उदाहरण ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमाचे. २०११ पासून गणेशोत्सवाच्या काळात हे वृत्तपत्र निवडक संस्थांची ओळख करून देते आणि वाचक थेट त्या त्या संस्थेच्या नावाने मदत पाठवतात. वाचक संस्थेला ओळखत नसला तरी वृत्तपत्राला ओळखतो. वार्ताहर जाऊन पाहून आलेला असतो. अनोळखी संस्था आणि अनोळखी दाता यांच्यामध्ये कुणीतरी ओळखीचे उभे राहिले की किती अंतर कापता येते, ते इथे दिसते. पण अशी संधी वर्षाला मोजक्याच संस्थांना मिळते. बाकीच्यांनी काय करायचे?

कायद्याने घातलेला पाया

पहिली पायरी नोंदणीची. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. त्यामुळे त्यांचे क्रमांकही दोन असतात. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब द्यावा लागतो. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेल्या संस्थांना कंपन्यांचे नियम लागू असतात. या सगळ्या कागदांचे सामान्य दात्याला काही वाटत नाही असे कार्यकर्ते समजतात आणि ते कपाटात ठेवतात. मला हे बरोबर वाटत नाही. शंभरातल्या नव्वदांनी ते उघडून पाहिले नाहीत तरी उरलेले दहा जण पाहतात, आणि बाकीचे त्या दहांना विचारतात.

दुसरी पायरी आयकराची. ज्या सवलतीला सगळे ‘ऐंशी-जी’ म्हणतात तिची मान्यता पूर्वी एकदा मिळाली की चालू राहायची. २०२१ पासून ती ठरावीक मुदतीची झाली आणि नियमित मान्यता पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागू लागली. म्हणून संकेतस्थळावर प्रमाणपत्र टाकताना त्याची मुदतही ठळक दिसली पाहिजे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायची आणि प्रत्येकाला खात्याच्या पोर्टलवरून निघालेले प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत आली. त्यामुळे पावती आणि सरकारी नोंद एकमेकांशी जुळवून पाहता येते. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला तर ही सवलतच मिळत नाही. तेव्हा ‘कर वाचवा’ या आवाहनाचा जोर ओसरत चालला आहे. माणूस कामासाठी देईल, आणि कामासाठी देणारा जास्त प्रश्न विचारेल.

परदेशातून येणाऱ्या पैशाला विदेशी योगदान नियमन कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा सगळा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो आणि त्यातला जास्तीत जास्त २० टक्के प्रशासकीय खर्चासाठी वापरता येतो. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला गावाकडच्या संस्थेला परस्पर पैसे पाठवावेसे वाटतात, पण त्या संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर परकीय नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे तिला घेता येत नाहीत. हे आधी स्पष्ट लिहून ठेवणे हाही प्रामाणिकपणाच आहे.

नोंदणीला मर्यादा आहे. संस्था कागदावर अस्तित्वात आहे, एवढेच त्यातून कळते. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक म्हणजे कामाला दिलेली शाबासकी नव्हे. तरीही काही संस्था तो पदकासारखा मिरवतात आणि जाणकार देणगीदार तिथेच सावध होतो.

तिसऱ्याची साक्ष

कायदा जिथे थांबतो तिथून पुढे तपासणाऱ्या संस्था सुरू होतात. भारतात गिव्ह इंडिया २००० पासून आणि क्रेडिबिलिटी अलायन्स २००४ पासून काम करते आहे. गाइडस्टार इंडिया संस्थांची माहिती एका जागी ठेवते. कारभार, विश्वस्तांमधली नातीगोती, हिशेब, पगार अशा गोष्टी पाहून ही मंडळी आपले मत देतात. शिवाय मिलाप (२०१०) आणि केटो (२०१२) यांसारखी लोकवर्गणीची व्यासपीठे आहेत. त्यांच्यावरून एखाद्या आजारी माणसासाठीही पैसे उभे राहतात. व्यासपीठाने कागद तपासले असले तरी संस्थेची स्वतःची जबाबदारी संपत नाही. व्यासपीठ किती टक्के कापून घेते आणि संस्थेच्या हाती किती पडतात, हे तिने स्वतःहून सांगायला हवे.

ही साक्ष खरी असली पाहिजे, याचा धडा अमेरिकेत गिव्हवेल या संस्थेला मिळाला. इतर संस्थांच्या कामाची कठोर परीक्षा घेण्यासाठीच ती २००७ मध्ये निघाली होती. काही महिन्यांतच तिच्या एका संस्थापकाने इंटरनेटवरच्या चर्चेत आपली ओळख लपवून आपल्याच संस्थेची शिफारस केल्याचे उघड झाले. संस्थेच्या मंडळाने त्याच्यावर कारवाई केली आणि ती चूक संस्थेने आपल्या संकेतस्थळावरच्या चुकांच्या यादीत कायम ठेवली. आपल्याकडेही कार्यकर्त्यांचे नातेवाईक संस्थेच्या पानावर तारे आणि स्तुती देतात. असा खोटा अभिप्राय एकदा पकडला गेला की त्याच्याबरोबर खरे अभिप्रायही संशयास्पद ठरतात.

पडद्यावर काय दिसावे

संस्थेचे संकेतस्थळ देखणे असायलाच हवे असे नाही. त्यावर विश्वस्तांची पूर्ण नावे आणि त्यांचे आपसातले नाते, उचलला जाणारा फोन, कामाच्या जागेचा पत्ता, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि मराठीतला वार्षिक अहवाल असावा. मराठीचा आग्रह भावनेपोटी नाही. देणारा बऱ्याचदा मराठी असतो, ज्यांच्यासाठी काम चालते ते तर हमखास मराठी किंवा गोंडी, कोरकू, भिली बोलणारे असतात. फक्त इंग्रजीत छापलेला अहवाल या दोघांनाही बाहेर ठेवतो.

आता पैसे देण्याचा क्षण जवळून पाहू. दाता क्यूआर कोड स्कॅन करतो. पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे संस्थेचे नाव दिसले तर बोट पुढे सरकते; सचिवांचे किंवा त्यांच्या मुलाचे नाव दिसले तर थबकते. अनेक लहान संस्थांत अजूनही एखाद्या कार्यकर्त्याचा वैयक्तिक गुगल पे क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. हेतू चांगला असतो. बँकेच्या कामाला वेळ नसतो, म्हणून हा सोपा रस्ता. पण त्या पैशाची पावती नीट फाडता येत नाही, हिशेब दोन खात्यांत विभागला जातो आणि कार्यकर्ता उद्या संस्था सोडून गेला तर जुना संदेश फिरतच राहतो. संस्थेच्या नावाचे चालू खाते आणि त्यालाच जोडलेला यूपीआय पत्ता, ही सुधारणा एका आठवड्यात होण्यासारखी आहे.

फसवणूक किती बारीक असते ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. पीएम केअर्स निधीच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातले एकच अक्षर गाळून भामट्यांनी हुबेहूब पत्ता तयार केला होता. प्रत्यक्ष सरकारी निधीच्या नावाने हे घडू शकते, तर लहान संस्थेच्या नावाने नक्कीच घडू शकते. म्हणून खरा पत्ता, खरा क्यूआर कोड आणि खाते क्रमांक एका कायमच्या पानावर असावा आणि प्रत्येक आवाहनात त्या पानाकडे बोट दाखवावे. नकली आवाहन सापडले तर लगेच जाहीर करावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या संस्थेचे नुकसान अधिक होते.

प्रत्येक आवाहनावर तारीख, हवी असलेली रक्कम आणि मुदत असावी. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर मदतीचे संदेश महाराष्ट्रभर फिरले. अशा संदेशावर तारीख नसेल तर गरज भागल्यावरही तो फिरत राहतो आणि नको त्या वस्तूंचे ढीग साचतात. ‘आता पुरेसे आले, पाठवू नका’ असे सांगणारा संदेशही तितक्याच आवर्जून पाठवला पाहिजे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मेदसाँ साँ फ्रंतिएर या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने काही दिवसांतच त्सुनामीसाठी पैसे घेणे थांबवले. गरजेपेक्षा जास्त आले होते. जादा रक्कम इतर संकटांसाठी वापरू का, असे तिने देणगीदारांना विचारले आणि बहुतेकांनी होकार दिला. पैसे नको म्हणण्याने संस्थेची पत वाढली.

गोष्ट, फोटो आणि माणसाची अब्रू

एका मुलीची गोष्ट लाखो मुलांच्या आकड्यापेक्षा जास्त पैसे मिळवून देते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे वर्णन वाचलेल्यांनी दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा अधिक पैसे दिले. तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा देणगी घटली. निधी उभारणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते आणि मोह तिथेच सुरू होतो. रडणारे मूल, उघडी जखम, जोडलेले हात यांनी पडदे भरून जातात.

इथे कायदा स्पष्ट आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला बालन्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ तेच सांगते. तरीही बालगृहांच्या फेसबुक पानांवर वाढदिवसाच्या केकभोवती उभ्या मुलांचे चेहरे आणि नावे सर्रास दिसतात. पाहुणा देणगी देतो, फोटो काढतो, टाकतो. पंधरा वर्षांनी ते मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही तो फोटो सापडेल. ज्या संस्थेला आपल्या मुलांची अब्रू राखता येत नाही ती माझ्या पैशाची काय राखणार, हा प्रश्न सुजाण दात्याला पडतोच.

गोष्ट सांगण्याचे इतर मार्ग आहेत. संध्याकाळच्या अभ्यासिकेचा फळा, स्वयंपाकघरातली आठवड्याची मांडणी, गवंड्याच्या हातातले काम, सज्ञान झालेल्या माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावानिशी आणि संमतीने लिहिलेला मजकूर. यातून कामाचा खरा पोत कळतो आणि कुणाला हात जोडून उभे राहावे लागत नाही.

खर्च लपवण्याची सवय

‘तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूपर्यंत’ हे वाक्य ऐकायला गोड आणि बहुधा अपुरे असते. वसतिगृहाला अधीक्षक लागतो, हिशेबाला सीए लागतो, दवाखान्याच्या गाडीला डिझेल लागते. २०१३ साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन प्रमुख संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितले की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची किंमत ठरवू नका. आपल्याकडे ही समजूत अजून रुजायची आहे. कार्यकर्त्याने पगार घेतला की त्याग कमी झाला असे मानणारा देणगीदार संस्थेला खर्च लपवायला शिकवतो. पगार, भाडे आणि प्रवास या ओळी ताळेबंदात उघड ठेवाव्यात आणि त्यांतून काय काम झाले ते शेजारी लिहावे. पहिल्या वर्षी काही जण नाराज होतील, पण पुढे त्याच ओळींवरून संस्थेची शिस्त कळेल.

आकडा मोठा केल्यानेही नुकसान होते. २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर अमेरिकन रेडक्रॉसकडे सुमारे ४९ कोटी डॉलर जमले. एक लाख तीस हजार लोकांना घरे दिल्याचा तिचा दावा होता. २०१५ मध्ये एनपीआर आणि प्रोपब्लिका यांच्या पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा संस्थेने बांधलेली कायमस्वरूपी घरे सहाच निघाली. तात्पुरता निवारा, भाड्याला मदत, घरबांधणीचे प्रशिक्षण हे सगळे त्या मोठ्या आकड्यात मिसळलेले होते. त्यातली कामे निरुपयोगी नव्हती. वेगवेगळी मांडली असती तर कुणाला आक्षेप घेता आला नसता.

अपयशाचा हिशेब

सगळ्यात अवघड पान अपयशाचे. कॅनडातल्या इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने २००८ पासून आपल्या फसलेल्या प्रकल्पांचे स्वतंत्र अहवाल काढायला सुरुवात केली. पिण्याच्या पाण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या चॅरिटी वॉटरने २०१० मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात कूपनलिका खोदतानाची दृश्ये देणगीदारांना दाखवायचे ठरवले. पाणी लागले नाही. संस्थेने ते अपयशच दाखवले आणि मग पुन्हा जाऊन काम पूर्ण केले. गरिबांना थेट रोख रक्कम देणाऱ्या गिव्हडायरेक्टलीच्या काँगोतल्या कामात तिच्याच काही कर्मचाऱ्यांनी संगनमत करून सुमारे नऊ लाख डॉलर लाटले. २०२३ मध्ये संस्थेने ते स्वतःहून जाहीर केले आणि कुठली तपासणी ढिली पडली तेही सांगितले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ च्या बीबीसीवरील व्याख्यानांत मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो. नुसती माहिती उघडी केल्याने गुप्तता संपते, फसवणूक संपेलच असे नाही. माहितीचा डोंगर टाकूनही लोकांना गोंधळात ठेवता येते. खरे उद्दिष्ट विश्वासाला पात्र होण्याचे असले पाहिजे. ज्या माहितीने आपल्याला अडचण होऊ शकते ती माहिती संस्था देते तेव्हा ती पात्रता दिसते. पटसंख्या का घटली, मंजूर झालेली इमारत का रखडली, एका गावातून काम का गुंडाळावे लागले, हे अहवालात लिहिणाऱ्या संस्था आपल्याकडे थोड्या आहेत. त्या अहवालांतले यशाचे आकडेही वाचक अधिक विश्वासाने वाचतो.

पैसे आल्यानंतर

देणगी आल्यावर दोनच गोष्टी हमखास घडतात : पावती आणि पुढचे आवाहन. मधल्या काळात काय झाले हे क्वचितच कळते. समजा कुणी दोन हजार रुपये वसतिगृहाच्या किराण्यासाठी दिले. त्याच दिवशी क्रमांकासह पावती जावी आणि तीन महिन्यांनी चार ओळींचा संदेश : या तिमाहीत किराण्यासाठी किती जमले, किती लागले, तूट कशातून भागवली, मुले किती होती. यात पुढची मागणी नसावी. एवढ्या कामाला माणूस नेमावा लागत नाही, खतावणी वेळेवर लिहावी लागते.

ब्रिटनमध्ये २०१५ साली एका ९२ वर्षांच्या देणगीदार बाईंच्या मृत्यूनंतर संस्थांनी त्यांच्यावर पत्रांचा किती मारा केला होता ते उघडकीला आले. त्यातून पुढच्याच वर्षी निधी-उभारणीसाठी स्वतंत्र नियामक आला. तिथल्या संस्था एकमेकांना देणगीदारांचे पत्ते देत होत्या. आपल्याकडे दात्याचा फोन क्रमांक न विचारता व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला जातो, तो त्यातलाच प्रकार. त्यातही पॅन क्रमांक, पत्ता आणि रक्कम असलेली एक्सेल फाइल कुणाच्याही लॅपटॉपवर पडून असते. २०२० मध्ये देणगीदारांच्या नोंदी सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिची सेवा वापरणाऱ्या अनेक देशांतल्या संस्थांच्या देणगीदारांची माहिती एका फटक्यात चोरीला गेली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने भारतीय संस्थांवरही ही जबाबदारी टाकली आहे. लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि संपर्क नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे.

शेवटचा परीक्षक

आतापर्यंत सगळे देणाऱ्याच्या बाजूने झाले. पण संस्था विश्वासाला पात्र आहे का, हे सगळ्यात नेमके सांगू शकतात ती ज्यांच्यासाठी काम चालते ती माणसे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरवल्या. मस्टर रोल म्हणजे मजुरांचे हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले आणि कागदावरची मजुरी हातात पडली होती का ते त्यांनाच विचारले. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून वाढली आणि २००५ चा कायदा आला. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. सरकारी पैशाला जो न्याय, तोच लोकवर्गणीला का नसावा?

संस्थेने आपला जमाखर्च संकेतस्थळावर टाकण्याआधी गावात, पालकसभेत, रुग्णांच्या नातेवाइकांसमोर वाचून दाखवावा. तिथे आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे अहवालाच्या शेवटी छापावीत. गिव्हडायरेक्टलीने पैसे मिळालेल्या कुटुंबांची मते, तक्रारींसह, जशीच्या तशी प्रसिद्ध करण्याचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात तर ग्रामसभेची सवय आधीपासून आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या संस्थेचा हिशेब तिथल्याच लोकांनी ऐकून, प्रश्न विचारून मान्य केला असेल, तर पुण्यामुंबईच्या देणगीदाराला त्याहून मोठे प्रमाणपत्र कुठल्याही पोर्टलवर मिळणार नाही.

दात्याचाही यात वाटा आहे. आकर्षक चित्रफीत पाहून देणाऱ्यांची संख्या वाढली की संस्था चित्रफितींवर खर्च करतील. ताळेबंद मागणाऱ्यांची वाढली की हिशेबनीस नेमतील. संस्था कशा घडतात हे बऱ्याच अंशी देणारे काय विचारतात यावर ठरते. म्हणून देण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : गेल्या वर्षीचा हिशेब कुठे वाचायला मिळेल? ज्या संस्थेकडे याचे उत्तर तयार असते, तिला विश्वासासाठी वेगळे आवाहन करावे लागत नाही.